वकीलसाहेबांचे खटले

"माझं म्हणणं अजून संपलेलं नाही," असं म्हणून ते मला तळहात दाखवायचे. मी काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा. लाल दिवा विझला तरी त्यांचं चालूच. केडगावचे निवृत्त वकील. आमच्या रेडिओ केंद्रावर ते कुठल्याही विषयावर बोलायला तयार असत आणि विषय कोणताही असला तरी खटलाच चालवत.

मतदान यंत्रावर बोलले तेव्हा त्यांनी यंत्राची उलटतपासणी घेतली. आमचे साहेब म्हणाले, "भाषण संतुलित हवं. दुसरी बाजूही आली पाहिजे."

"मग यंत्राला समन्स काढा."

साहेबांनी ही सूचना गंभीरपणे विचारार्थ ठेवली. आमच्याकडे हसायलाही वरिष्ठांची मंजुरी लागते.

पुढे त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. शिक्षेच्या नव्या कायद्यावर आणि नव्या चित्रपटांवर अशी दोन भाषणं बाकी होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती उरकायला ते आले, बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना घेऊन. काकू पुणतांब्याच्या, त्या माझ्याशेजारी बसल्या.

किरकोळ गुन्ह्यांना आता समाजसेवेची शिक्षा देता येते, हे त्यांनी पहिल्या भाषणात समजावलं. दुसऱ्या भाषणात ती देऊनही टाकली. एका नव्या चित्रपटाच्या नायकाला थिएटर झाडायला लावलं आणि दिग्दर्शकाला स्वतःचाच चित्रपट पुन्हा बघायला.

"ही तर फाशीच झाली की," काकू पुटपुटल्या.

वेळ संपली. मी दिवा विझवला. तळहात वर आला. त्या दिवशी मी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं. त्यांनी माइक जवळ ओढला. मग म्हणाले, "पाणी मिळेल का?"

चित्रपटांचं भाषण लागलं त्या दिवशी मी केडगावला गेलो. गळ्याला पट्टी बांधून ते रेडिओसमोर बसले होते. नायकाची शिक्षा आली आणि त्यांनी ताडकन हात वर केला. स्वतःच्याच भाषणावर हरकत घ्यायची होती. ओठ हलले, आवाज नाही.

काकूंनी रेडिओ बंद केला. "काय म्हणताय?"

त्यांनी बोटांनी, भुवयांनी बरंच काही मांडलं. मला ओ की ठो कळलं नाही. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हिरोला सोडून द्या म्हणत्यात," त्या मला म्हणाल्या.

वकीलसाहेब जोरजोरात नकाराची मान हलवू लागले. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पोरगं गुणाचं हाय, म्हणत्यात."