आईची सीडी आणि नानांनी उचललेली ओळ

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आले. पिंपळ, पांढऱ्या साड्या, आपोआप उघडणारी दारं... रिकामटेकड्यांचे उद्योग. मी जळगावात पाइपच्या कारखान्यात माल तपासते. वाकडं दिसलं की बाजूला काढायचं, एवढंच मला कळतं. तरीही लिहितेय.

आई गेली आणि तिच्या आवाजाची एकच खूण उरली — कानबाईच्या, आमच्या खान्देशातल्या देवीच्या, गाण्यांची सीडी. धुळ्यातल्या कुठल्याशा स्टुडिओत भरलेली. आणि काय भरलीय म्हणता! प्रत्येक ‘स’, प्रत्येक ‘श’ कानात सुईसारखा घुसतो. माझे वडील, नाना, माझ्याकडेच असतात. त्यांना तिला एकदा नीट ऐकायचं होतं, बस. पहिल्याच गाण्याला त्यांनी कान झाकले.

“बंद कर ते, माय. हाई तुनी माय नै शे.”

मग धुळ्याहून दादा आला, माझा भाऊ. त्याला ऑडिओचं वेड आहे, कान मात्र नाही. प्लेअर त्याचाच जुना. त्याने सीडीच्या कडेला हिरवा स्केचपेन फिरवला, मग ती फ्रीजमध्ये ठेवली — भरिताच्या वांग्यांशेजारी. इंटरनेटवर मोठमोठे लोक करतात म्हणे. करत असतील, त्यांना दुसरं काम काय. सीडी मधून कडेकडे पुसायची, गोल नाही, एवढं एकच त्याचं मला पटलं. गोल गोल पुसून सीडीची वाट लावणाऱ्यांची मला मनापासून चीड येते.

मी माझे साधे उपाय केले. स्पीकर काचेच्या कपाटापासून हलवले, भिंतीवर गोधडी टांगली, ट्रेबल कमी केला. कर्कशपणा दबला, पण आईही दबली. एका दुपारी वैतागून सगळं होतं तसं केलं आणि सीडी लावली. नाना दारात येऊन उभे राहिले.

कानबाईची गाणी एकीने म्हणायची आणि ओळ संपली की बाकीच्या बायांनी ती उचलायची. स्टुडिओत आई एकटीच होती. तरी सवयीने तिने प्रत्येक ओळीनंतर जागा सोडली होती.

“बठ्ठ्या बाया कोठे गयात?” नाना म्हणाले. बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. “एकलीच वरडी ऱ्हायनी ती.”

आणि त्या रिकाम्या जागेत त्यांनी ओळ उचलली. जन्मभर या गाण्यांना कावकाव म्हणणारा माणूस... बेसूर, खोकत खोकत. आईची पुढची ओळ आली ती मऊ. घरात कामं करताना गुणगुणायची, तशी.

हसा खुशाल. नानांच्या आवाजाखाली तिचा झाकला असेल, हे आधी मीच म्हटलं. पण तिच्या ओळीला ते गप्प असतात. रविवारी दादाला बोलावलं. नाना थांबले की सुया, नाना उचलू लागले की आई. आम्ही दोघांनी ओळ उचलून पाहिली, तर सुयाच. दादाने सगळ्या वायरी हलवल्या, काही फरक नाही. त्याने कॉपी करून दिली. कॉपीवर नानांनी ओळ उचलली तरी सुयाच. ते होतं फक्त या एकाच सीडीवर.

कारण मला अजून सापडलेलं नाही. तुम्हाला लगेच सापडेल, तुमच्यासारख्यांना सापडतंच.

नाना आता रोज संध्याकाळी सीडी लावायला सांगतात. गाणी संपली की ती मागून घेतात आणि उपरण्याच्या टोकाने पुसतात. हळूहळू, गोल गोल. ओरखडे वाढताहेत. तरी रोज मीच ती काढून त्यांच्या हातात देते.