खाटेवर कोण निजणार

आई गेल्यावर तिच्या चादरी द्यायला मी डिचोलीच्या सरकारी निवाऱ्यात जाऊ लागलो. तिथल्या रखवालदाराचं नाव मी कधी विचारलं नाही. तोही मला ‘चादरवाले’ म्हणतो. तो सगळ्यांवर ओरडतो आणि ओरडून झालं की लगेच चहा विचारतो.

बेघर म्हाताऱ्यांसाठी सरकारने खाटा दिल्या आहेत. पण देवळाच्या ओसरीवर वर्षं काढलेली ही माणसं पडायच्या भीतीने जमिनीवरच निजतात. परवा पणजीहून साहेब तपासणीला आले. कोऱ्या खाटा पाहून म्हणाले, “इथे कुणी राहतच नाही. अनुदान बंद करायला हवं.”

“आजये, चड गो खाटेर!” रखवालदार जमिनीवर बसलेल्या एका आजीवर ओरडला.

“आनी पडलंय तर?”

तो खाटेलगत जमिनीवर सरळ आडवा झाला. “पड माज्यार. पोट मऊ आसा माजां.”

आजी हसत चढली आणि बघता बघता घोरायलाही लागली. साहेबांनाही हसू आवरेना. “बरं, अनुदान चालू राहील. उठा आता.”

“हळू सायबा, ती कुशीर वळता,” तो पडूनच कुजबुजला. मग माझ्याकडे पाहिलं. “चादरवाले, पलीकडची बाजू रिकामी आसा.”

मी चप्पल काढली.