अंबाजीच्या घरात किती माणसं

म्हसळ्याच्या आतल्या अंगाला असलेल्या त्या वाडीत निम्म्याहून जास्त दारांना कुलपं होती. जनगणनेच्या कामावर नेमलेल्या कोकिळाबाई एकेक कुलूप बघत पुढे सरकत होत्या. शाळेत शिकवायचं आणि सरकारने हाक मारली की दारोदार फिरायचं, हे प्राथमिक शिक्षिकेच्या कपाळी लिहिलेलंच असतं. अंबाजीचं दार मात्र उघडं होतं.

अंबाजीने सत्तरी कधीच ओलांडली होती. बायको मैना गेली तेव्हापासून तो एकटा. भातशेती झेपेना म्हणून अर्धेलीने दिली होती, पण अंगण मात्र तो स्वतः सारवायचा. पुरुषमाणसाने शेणात हात घातला म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि हा त्यांच्यासमोर आणखी ऐटीत सारवायचा.

घरात माणसं किती, असं बाईंनी विचारताच म्हातारा ठसक्यात म्हणाला, पाच. तो स्वतः, मुलगा कुलदीप, सून प्राप्ती आणि दोन नातवंडं. कुलदीप न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवायचा आणि बायकापोरांसह नवी मुंबईत उलव्याला राहायचा, हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. पण अंबाजी खोटंही बोलत नव्हता. गावकीत बाहेर गेलेला माणूस घरातलाच धरतात. शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा गाऱ्हाण्यात उलव्याच्या लेकरांचीही नावं घेतात. म्हाताऱ्याला हीच एक मोजणी माहीत होती.

बाईंनी समजावलं, की जो जिथे राहतो तो तिथेच मोजला जातो. कुलदीप त्याच्या चौघांची नावं तिकडे लावणार, आबांचं नाव इथे.

"मंजे त्यांच्या घरात मी न्हाय, आन माज्या घरात ते न्हाय?" अंबाजीने विचारलं.

"जनगणनेत तसंच असतं, आबा," बाई म्हणाल्या. ऊन चढत होतं आणि अजून बरीच घरं बाकी होती. त्यांनी मोबाइलवर एक माणूस भरला. चहा ठेवायला उठलेला म्हातारा पुन्हा खाली बसला.

त्याने मग कुलदीपला फोन लावला. मोजणी फेब्रुवारीअखेरपर्यंत चालणार होती. महिना संपायच्या आत चार दिवस सगळे येऊन राहा म्हणाला, पण का ते सांगितलं नाही. जनगणनेत नावं लावून घेण्यासाठी लेकाला बोलवायचं, याची त्याला लाज वाटली असावी. कुलदीप म्हणाला, शिमग्याला येतोच आहोत की.

शेजारची गोदू नंतर बाईंना सांगत होती, की म्हाताऱ्याने अंगण सारवायचं सोडलंय. कुणी जेवायला बोलावलं तर म्हणतो, मी एकटाच हाय, सरकारनं लिवलंय तसं. बाईंना वाईट वाटलं. पण नियम त्यांनी थोडाच केला होता?

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी, सांजवेळी, अंबाजी पडवीत बसल्या जागीच वारला.

मार्च लागला तशी बाईंची शेवटची फेरी सुरू झाली. फेब्रुवारी संपेपर्यंत कुणी जन्मलं, कुणी गेलं, त्याची दुरुस्ती करायची होती. अंबाजीचं घर सुतकातल्या माणसांनी भरलेलं होतं. मृत्यू कधी झाला, हे विचारणं भाग होतं. बाईंनी विचारलं आणि म्हाताऱ्याचं नाव यादीतून काढलं. घरात आता कुणीच राहत नाही, असं त्यांना भरावं लागलं. आत प्राप्ती पोरांना जेवायला वाढत होती.

"आमची नावं तिकडं लागलीत," कुलदीप म्हणाला. "मोबाइलवर मीच भरली. आबांचं पन लावलंय, पाच मान्सं. आता त्यांचं काढाया लागंल का?"

"लागेल," बाई म्हणाल्या. "पण ते तिकडे राहतच नव्हते. मग त्यांचं नाव कसं लावलंत?"

"बापाला सोडून घर कसं लिवायचं, बाई?"

कोकिळाबाईंनी मोबाइलवरून नजर वर केली. "त्यांना सांगितलं होतंत?"

"त्यात सांगायचं काय?" कुलदीप म्हणाला. "त्यांना म्हाईतच व्हतं की."

बाईंनी मान हलवली. म्हाताऱ्याला ते माहीत नव्हतं, हे त्याच्या लेकाला सांगायची त्यांची छाती झाली नाही.