चांगुणा मावशीचं पातळ वरण

लातूरला एका मंगल कार्यालयात मी दोन वर्षं बुकिंगच्या टेबलावर बसले. एम.ए. मराठी झालं होतं. नेटची परीक्षा निघत नव्हती. तारखा लिहायच्या, हॉल दाखवायचा, आचाऱ्याशी गाठ घालून द्यायची, एवढंच काम.

चांगुणा मावशी तिथं बावीस वर्षांपासून ताटं उचलते. जळकोटजवळच्या एका खेड्यातून ती लग्न होऊन लातूरला आली. नवरा तेलाच्या गिरणीवर राखणदार होता, आता घरी असतो. ती आली तेव्हा कार्यालयात जमिनीवर पंगती बसायच्या. मग टेबलं आली. मग लोक ताट हातात घेऊन उभ्यानं जेवायला लागले. मावशीचं काम तेच राहिलं. ताट उचलायचं, खरकटं टबात झटकायचं, ताट धुवायला टाकायचं.

फक्त ती झटकायच्या आधी क्षणभर थांबायची. मला वाटायचं, दमली असेल.

एका लग्नात तिनं मला मागच्या बाजूला बोलावलं. बाजूला काढून ठेवलेलं एक ताट पुढं केलं. पनीरची भाजी, कडेला जरा कुरतडलेली नान, आणि बाकी काही नाही.

"वाच," ती म्हणाली.

मी ताट उजेडाकडं धरून बघितलं.

"एवढी पुस्तकं वाचलीस अन् ताट वाचाया येईना व्हय गं?" मग तिनंच सांगितलं. हे म्हातारीचं ताट. एका हातात ताट धरलेलं. दुसऱ्या हातानं नान तुटत नाही. चारचौघांत दातानं फाडायची लाज वाटली. म्हणून तशीच ठेवली आणि पाणी पिऊन गेली. उभ्यानं जेवायची पद्धत आल्यापासून म्हाताऱ्या बायका लग्नातून उपाशी जातात, हे मावशीला ताटांवरून कळलं होतं. आमचा आचारी आदिनाथ, त्याला तिनं कितीदा सांगितलं की नानेबरोबर मऊ पुरी ठेवत जा. तो हसायचा. लोकांना पनीर-नानच पाहिजे असतं, म्हणायचा.

"घ्यायला पाहिजे असतंय," मावशी म्हणायची. "खायला न्हाई."

तेव्हापासून मी तिच्याजवळ जाऊन बसायला लागले. कोण शुगरचा आहे, कुणाचं जेवताना भांडण झालं, कोणत्या घरची माणसं लांबून आली, ती सांगायची. मी तपासून बघायचे. बहुतेक वेळा खरं निघायचं. साहित्याच्या वर्गात पाच वर्षं बसून मला जे जमलं नव्हतं, ते ही बाई टबाशेजारी उभी राहून करत होती.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा जळकोटचा, भागवत. लग्न आमच्याच कार्यालयात.

आमचं गाव हदगाव तालुक्यात. आई मी सहा वर्षांची असताना गेली. मला सिंधु आत्यानं वाढवलं. मी बारावीला होते तेव्हा सोयाबीनच्या मळणी यंत्रात तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. पुढच्या वर्षी मी नांदेडला शिकायला गेले, तर दर रविवारी ती एसटीनं डबा घेऊन यायची. डब्याच्या फडक्याची गाठ ती दातानं मारायची. ती गाठ माझ्यानं सुटायची नाही.

तो हात ती कायम पदराखाली ठेवते. मीही कुणाला सांगितलं नव्हतं. भागवतला सोडून.

आमच्याकडं लग्न लागलं की दोन्ही विहिणी शेजारी बसून जेवतात. नवरीच्या आईची ती मानाची जागा. माझ्या मनात तिथं आत्याशिवाय कुणी नव्हतं.

लग्नाच्या महिनाभर आधी बाबा आणि आत्या चव बघायला लातूरला आले. जेवण मीच निवडलं होतं. पनीर बटर मसाला, नान, जिरा राइस, दाल. दोन वर्षं लोकांना तेच निवडताना बघितलं होतं, मीही तेच निवडलं. आदिनाथनं ताटं वाढली. आत्या खिडकीकडं तोंड करून बसली. सगळं चांगलं आहे, म्हणाली. निघताना मात्र तिनं सांगून टाकलं की ती अक्षता टाकून तीनच्या नांदेड गाडीनं परत जाईल. विहिणीशेजारी बाबांची चुलत वहिनी बसेल.

मी कारण विचारलं. तिनं टाळलं. मी हट्ट केला तेव्हा एकच वाक्य बोलली.

"विहिणीसमोर डावा हात ताटात घालू का मी?"

बाबा खाली बघत होते. गाडीची वेळ झाली आणि दोघं निघून गेले.

मी टेबलावर येऊन बसले. थोड्या वेळानं मावशी आली. तिच्या हातात ताट होतं. नान एका बाजूनं दातानं तोडलेली होती आणि वर कागदी रुमाल झाकला होता. भाजीला हात लावलेला नव्हता, आणि तुपकट बोटांचे ठसे ताटाच्या फक्त डाव्या कडेला होते.

"ह्ये तुझ्या आत्याचं का?"

"हो."

"उजवा हात कशात गेला तिचा?"

आत्या तिथं असेपर्यंत मावशी मागं भांडी घासत होती. तिनं आत्याला धड पाहिलंही नव्हतं. मला रडू आलं. मग मी सगळं सांगितलं. विहिणीची पंगत, तीनची गाडी, सगळं.

मी म्हणाले, आत्याला चमचा देऊ. नान आधीच तोडून ठेवू.

मावशी चिडली. मी तिला चिडलेली तेव्हा पहिल्यांदा पाहिली. "एकटीला चमचा देऊन सगळ्या मांडवाला सांगणार हायस का? मग तर ती अक्षतालाबी यायची न्हाई." ताट तिनं टेबलावर ठेवलं. "सगळ्यांनाच चमचा लागंल असं काहीतरी कर."

पुढचे आठ दिवस आम्ही दोघी तेच शोधत होतो. मी पुलाव म्हणाले. पुलाव लोक हातानं खातात, तिनं सांगितलं. मी खिचडी म्हणाले. खिचडी म्हणजे आजाऱ्याचं जेवण, लग्नात वाढलं तर पाव्हणे उठून जातील. कढी-भात तिला स्वतःलाच पसंत पडला नाही. एका दुपारी ती पायरीवर बसून भाकरी खात होती. खाता खाता थांबली.

"बट्टी," ती म्हणाली. "चुरून. पातळ, कढत वरणात."

वरण-बट्टी आमच्याकडं होते. जळकोटकडच्यांनाही चालते, ते मावशीला माहीत होतं. पण कणकेची भाजलेली बट्टी अख्खी वाढतात. ज्यानं त्यानं ताटात चुरायची, वरण घट्ट घ्यायचं, वर तूप. मावशीला ती चुरून, खोल वाटीत, वरून वाफाळतं वरण ओतून हवी होती. वरण इतकं पातळ आणि कढत, की कुणाचं बोट आत जाणार नाही.

आदिनाथ ऐकेना. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चुरून वाढली की लोक म्हणणार, कालची उरलेली आहे. आणि पातळ वरणाचं तर आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नात वरण पातळ झालं म्हणजे माणसं जास्त आली आणि पोरीच्या बापानं बादलीभर पाणी ओतलं. तो बाप पुढं दहा वर्षं त्या वरणावरून ओळखला जातो.

"नाव हिच्या बापाचं, शेषेरावांचं जाणार, मावशी. तुमचं न्हाई," आदिनाथ म्हणाला.

मावशीनं तेवढं मान्य केलं. हे तिच्या हातातलं नव्हतं. मग म्हणाली, चुरा पंगतीसमोर करायचा, गरम गरम, लोकांच्या डोळ्यांदेखत. तूपही डोळ्यांदेखत. शिळं कुणी म्हणणार नाही. पातळचं मात्र बापालाच विचार.

मी बाबांना फोन लावला. बाबांना वरण घट्टच लागतं. घरी जरा सैल झालं तरी वाटी बाजूला सारतात. त्यांच्या नावाचा प्रश्न होता, म्हणून मी काही लपवलं नाही. मावशीनं ताटावरून काय ओळखलं, तेही सांगितलं.

"म्हणू दे लोकांना," बाबा म्हणाले. "कर पातळ."

कार्यालयात खोल वाट्या नव्हत्या. मावशीनं माळ्यावरून जुन्या काढल्या. पूर्वी खिरीला वापरत असत त्या. काळवंडल्या होत्या. तिनं चारशे वाट्या राखेनं घासल्या. चमचे कमी पडत होते, ते ओळखीच्या दुसऱ्या कार्यालयातून पोत्यात भरून आणले. यातलं काहीच तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी थांबवायला गेले तर म्हणाली, नवरीनं खरकट्याशी यायचं नसतं, जा, मेंदी वाळव.

लग्न डिसेंबरात लागलं. मुहूर्त साडेबाराचा होता, लागलं दीडला. भुका लागल्या होत्या. थंडी होती. मावशीच्या सांगण्यावरून त्या दिवशी टेबलं मांडून पंगती केल्या होत्या. मी स्टेजवर फोटोत अडकले होते, पण पहिली पंगत समोरच होती. आदिनाथची माणसं गरम बट्ट्या परातीत फोडत होती. तूप पडत होतं. मग वरण. वाट्यांतून वाफा निघत होत्या. एका पाव्हण्यानं सवयीनं बोटं घातली आणि झटकन मागं घेतली. शेजारचे हसले. त्यानं चमचा उचलला. मग सगळ्यांनीच उचलले.

आत्या भिंतीशी उभी होती. अक्षता टाकून झाल्या होत्या. काखेत पिशवी होती. ती पंगतीकडं बघत होती.

जळकोटकडचा एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "शेषेराव, वरण पातळ केलाव की हो."

मांडवभर ऐकू गेलं. मी भागवतचा हात धरला. बाबा वाढत होते. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

"पातळच हाय, मामा. अजून घ्या."

म्हाताऱ्यानं वाटी पुढं केली.

दुसरी पंगत विहिणींची होती. भागवतच्या आई येऊन बसल्या. शेजारची खुर्ची मोकळी होती. चुलत वहिनी पदर सावरत पुढं निघाल्या. तेवढ्यात आत्यानं पिशवी बाबांच्या हातात दिली आणि त्या खुर्चीवर जाऊन बसली. वाटी आली. चमचा तिनं डाव्या हातात घेतला. समोर, शेजारी, पाठीमागं सगळे चमच्यानंच खात होते. तिच्याकडं कुणी बघितलं नाही.

विहिणीनं रिवाजाप्रमाणं एक टोमणा मारला. "तुमच्याकडं बट्टी चुरून वाढत्यात व्हय? आमच्याकडं पाव्हण्यांनाच चुरावी लागतीया."

"आमच्याकडं पाव्हण्यांला तरास देत न्हाईत," आत्या म्हणाली.

सगळ्या बायका हसल्या. भागवतच्या आई सगळ्यात जास्त. मी स्टेजवरून बघत होते. फोटोवाला मला समोर बघा म्हणत होता. मला बघता येत नव्हतं.

पाठवणीच्या वेळी मी मावशीला शोधत मागं गेले. ती टबाशी होती. तिला जेवायला बस म्हणून मी दोनदा निरोप पाठवला होता आणि दोन्ही वेळा तिनं ताटं संपू देत म्हणून सांगितलं होतं. मी वाकून पाया पडले. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. माझा शालू बघून तिनं हात मागं घेतले आणि मनगटाची मागची बाजू माझ्या डोक्याला टेकवली. आभार कसे मानायचे, मला सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. म्हणून हे लिहिलं.

लिहून झाल्यावर मात्र भीती वाटली. यात आत्याचा हात होता. तिला न विचारता छापायला देणं बरोबर नव्हतं. मी जळकोटहून तिला फोन केला. सगळं वाचून दाखवलं. झाकलेली नान, चमच्यांचं पोतं, बाबांचा फोन.

"तुला राग आला का?" मी विचारलं.

"मला त्या दिवशीच कळलं होतं," आत्या म्हणाली. "तुझा बाप पातळ वरण करू देणारा माणूस हाय का?"

"मग तरी बसलीस?"

"एवढी माणसं माझ्यापायी चमच्यानं जेवली," ती म्हणाली. "मी काय उठून जाऊ?"