तीन वर्षांत होणारी डिग्री

अकरावी-बारावीतच कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे विषय शिकता येतात, हे आम्हाला मुलीच्या शाळेतल्या मॅडमनी सांगितलं. मुलांनी पुढे काय शिकावं, कुठे अर्ज करावेत, हे बघणं त्यांचं काम. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री असे वरच्या पातळीचे विषय घ्यायचे, मे महिन्यात त्यांची वेगळी परीक्षा द्यायची. गुण चांगले पडले तर अमेरिकेतली विद्यापीठं ते विषय झालेले धरतात.

"चार वर्षांची डिग्री तीन वर्षांतसुद्धा होऊ शकते," मॅडम म्हणाल्या.

माझ्या नवऱ्यानं बाकीचं सगळं सोडून तेवढंच वाक्य उचललं. त्याला कारणही होतं. तो इथे बहरीनमध्ये, अस्करला टेक्निशियन आहे. त्याचं वय झालंय, आणि कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी एकेका वर्षानं वाढतं. कोणत्या वर्षी वाढणार नाही हे कोणी सांगत नाही. मी सित्र्याच्या एका ऑफिसात कारकुनी करते. आम्हा दोघांच्या कमाईत तीन वर्षं ओढून-ताणून निघाली असती. चौथं निघणार नव्हतं. हे आम्ही दोघं कधी बसून बोललो नाही, पण दोघांनाही माहीत होतं.

मुलीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला गणित आवडायचं, बस. बुदैयाच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून जेवणाचं टेबल आहे. ती तिथे गणितं सोडवायची आणि मी पोळ्या लाटत असताना मला समजावून सांगायची, इंग्रजीत. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आमच्या घरात असंच चालतं. मला त्यातलं काही कळायचं नाही. पण गणित सुटत आलं की तिचा आवाज चढायचा, बोलणं भरभर व्हायचं, आणि मला कळायचं की आता उत्तर येतंय. दोन वर्षं मी तो आवाज ऐकत पोळ्या केल्या.

मार्चमध्ये विद्यापीठांची उत्तरं यायला लागली. पहिली सगळी नकाराची. इतक्या गोड भाषेत नाही म्हणतात की शेवटच्या ओळीपर्यंत कळत नाही. ती वाचायची, लॅपटॉप मिटायची आणि "इट्स फाइन" म्हणायची. मग एकाचा होकार आला. इंजिनिअरिंगला, थोड्या शिष्यवृत्तीसकट. नवरा कामावरून आला तो बूट न काढताच परत खाली गेला आणि केशराचा हलवा घेऊन आला.

बुद्धपौर्णिमेला आम्ही विदर्भाकडची मंडळी कोणाच्या तरी घरी वंदनेला जमतो. त्या वर्षी वंदना आमच्याकडे होती. खीर वाढता वाढता तो प्रत्येकाला सांगत होता, "पोरगी तीन वर्षांत इंजिनिअर होते, पाहा. पहिलं वर्ष तिनं इथूनच करून टाकलं." त्याचे वडील शाळेत शिपाई होते. तो स्वतः आयटीआय करून इथे आला. लोक तिच्या पाठीवर हात ठेवत होते, आणि ती लाजून माझ्या मागे उभी होती, एवढी मोठी मुलगी.

जुलैत निकाल लागला. सगळ्या विषयांत तिला सगळ्यात वरचा गुण होता.

ऑगस्टमध्ये विद्यापीठातल्या सल्लागार बाईंशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं, तिने कोणते विषय घ्यायचे ते ठरवायला. तिकडची सकाळ, आमची संध्याकाळ. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या शेजारी बसला होता. बाई फार प्रेमळ होत्या. गुण बघून त्यांनी तिचं तोंडभर कौतुक केलं. मग म्हणाल्या, विद्यापीठ हे विषय मान्य करतं, तिच्या नावावर ते जमाही होतील. पण ऐच्छिक म्हणून. इंजिनिअरिंग विभागाला पहिल्या वर्षाचं गणित आणि फिजिक्स आपल्याकडेच शिकलेलं लागतं, आणि पुढचं सगळं त्या क्रमानंच होतं.

नवऱ्यानं त्याच्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, मग तीन वर्षांत होणार नाही?"

"नाही. चारच लागतील. पण तिला आवडीचे इतर विषय घ्यायला भरपूर जागा मिळेल."

तो "थँक यू" म्हणाला. पुन्हा एकदा "थँक यू" म्हणाला. बाईंचा चेहरा पडद्यावरून गेल्यावरही तो तसाच ताठ बसून होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत गेलो. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी होऊ शकते म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, "प्रत्येक विद्यापीठाचे, प्रत्येक विभागाचे नियम वेगळे असतात." ते खरंच होतं. त्यांनी तसंच म्हटलं होतं. भांडायलाही जागा नव्हती.

घरी आल्यावर त्यानं तिला समोर बसवलं. तो तिच्याशी कधी लांबण लावून बोलत नाही.

"बेटा, चार वर्षं आपल्याच्यानं होत नाहीत."

ती म्हणाली, "मी तिकडे काम करीन." मराठीत म्हणाली. ती मराठीत बोलली की मला धस्स होतं.

"अर्ध्यात आणावं लागलं तर? माझी नोकरी आहे तोवर आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. मग ती उठली आणि विद्यापीठाला नाही कळवून आली. जिथे नकार आला तिथे तिने "इट्स फाइन" म्हटलं होतं. होकार होता तिथे मात्र ती काहीच म्हणाली नाही.

नागपूरकडच्या कॉलेजांत चौकशी केली. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होऊन गेल्या होत्या, आणि तिच्या शाळेची बारावी तिथल्या बारावीइतकी आहे असा दाखला आधी काढायला हवा होता. मग इथेच, बहरीनमधल्या एका खासगी कॉलेजात नाव घातलं. तिथे मी तिच्या निकालाची प्रत पुढे केली. खिडकीतल्या माणसानं ती उलटी-सुलटी करून बघितली आणि परत दिली. "हे आमच्याकडे मफी," तो अरबी मिसळलेल्या हिंदीत म्हणाला. म्हणजे चालत नाही. "सगळे पहिल्यापासून."

सप्टेंबरपासून ती तेच गणित पुन्हा शिकायला लागली. सकाळी मी तिला गाडीनं सोडून पुढे सित्र्याला जायचे. ती खिडकीबाहेर बघायची. जेवणाच्या टेबलावर आता कोणी बसत नव्हतं. मी पोळ्या लाटताना मोबाइलवर काहीतरी लावून ठेवायचे, नुसता आवाज असावा म्हणून. नवऱ्यानं वंदनेला जाणं सोडलं. लोक विचारतात, "पोरगी गेली का?" एवढंच. पण त्याला ते सहन होत नाही.

सहामाहीत ती गणितात नापास झाली. मला कॉलेजच्या मेसेजवरून कळलं. तिला घ्यायला गेले तेव्हा गाडीत विचारलं.

"पेपर अवघड होता?"

"नो."

"येत होतं?"

"सगळं येत होतं."

"मग?"

बुदैयाच्या हायवेला गाड्या खोळंबल्या होत्या. ती पुढच्या गाडीकडे बघत म्हणाली, "मी कोरा दिला, मम्मी. एकदा दिलाय ना मी तो पेपर."

मला गाडी बाजूला घ्यावीशी वाटली, पण घ्यायला जागा नव्हती. मागून हॉर्न वाजायला लागले तशी मी गाडी पुढे काढली.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ हात धूत राहिला. "तिला काही म्हणू नको," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, त्याचं कॉन्ट्रॅक्ट या वेळी सहाच महिन्यांनी वाढलंय, आणि हे शेवटचं. उन्हाळ्यात खलास, मग गावी परत जावं लागेल. तेव्हा तिचं इथलं एक वर्ष होईल, आणि ते पुढे कुठे धरलं जाईल हे आम्हाला ठाऊक नाही. नागपूरला विचारलंय. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

मी कॉलेजात फोन केला. तो विषय जानेवारीत पुन्हा घ्यावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. मी तिच्या खोलीत जाऊन तिला तसं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"ओके," ती म्हणाली.