बिनखिडकीची केबिन

शांती नगरातल्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात मी क्रूझ बुक करायला बसलो होतो. शेजारी साठीतल्या एक बाई मुलाबरोबर आल्या होत्या. जहाज मुंबईहूनच सुटतं, विमानाची भानगड नाही, याचं त्यांना भारी कौतुक. डेकच्या प्रत्येक फोटोवर बोट टेकवून त्या विचारत होत्या, "इथे बसता येतं ना?"

मुलगा दुकानदाराला म्हणाला, "मम्मीला बिनखिडकीची केबिन चालेल. ती बाळाला घेऊन आतच असणार. आम्ही फिरू."

बाईंचं बोट फोटोवरच थांबलं. टेबलावरचं आपलं आधार कार्ड उचलून त्यांनी पर्समध्ये टाकलं आणि चेन खसकन ओढली.

"मग मला क्रूझवर कशाला नेतोयस? बाळ तर मी घरीपण सांभाळतेय. तिथे निदान खिडकी आहे!"

"मम्मी, लोक बघतायत."

"बघू देत. तुझं पोर तू सांभाळ."

त्या तरातरा निघून गेल्या. मुलगा माझ्याकडे बघून ओशाळं हसला. त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली मला. मग हातातला फॉर्म दिसला. माझ्या आईच्या नावापुढे मीच लिहिलं होतं: 'नातवंडांसोबत, आतली बिनखिडकीची केबिन.' तिला मी विचारलंसुद्धा नव्हतं.