एकवीस बरोबरच्या खुणा

जनावरांच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं काढून बाई निवृत्त झाल्या, तेव्हा आता त्या स्वस्थ बसतील असं फक्त त्यांच्या नवऱ्याला वाटलं होतं. चार महिन्यांत जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आला, त्याच्याखाली उंचीसाठी पिठाचा डबा आला, आणि ज्यांच्या घरचा मुका जीव आता फार दिवसांचा सोबती नाही, अशी माणसं पडद्यावर येऊन बसू लागली. औषध-इंजेक्शन त्यांचा जवळचा डॉक्टर बघायचा. बाई सांगायच्या ते कूस कशी बदलायची, पाणी कसं पाजायचं आणि थांबायचं कधी. खरं काम हे शेवटचं. बाकीचा वेळ "पंखा नको, पेशंट दाखवा" म्हणण्यात जाई. दोन वर्षांत त्यांनी लोकांची इतकी छतं पाहिली होती, की एखाद्या रंगाऱ्यानंही पाहिली नसतील.

बाईंची एक पद्धत होती. भिंतीवर कॅलेंडर लावायचं. प्राण्याचा दिवस बरा गेला तर बरोबरची खूण, वाईट गेला तर फुली. फुल्या जास्त झाल्या की मन घट्ट करायचं. माणसाचं मन लबाड असतं, कॅलेंडर लबाडी करत नाही, असं त्या प्रत्येकाला ठणकावून सांगत. शिंपीकाका भेटेपर्यंत ते खरंही होतं.

शिंपीकाकांचा कुत्रा पंधरा वर्षांचा. नाव साहेब, आणि घरात त्याला सगळे अहो-जाहो करत. एवढा मान काकांना लग्नाच्या दिवशीसुद्धा मिळाला नव्हता. साहेबांच्या पोटात मोठी गाठ झाली होती, जवळच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि दर शनिवारी सकाळी काका शिलाई मशीनला फोन टेकवून बाईंसमोर हजर होत.

चौथ्या शनिवारी त्यांनी कॅलेंडर दाखवलं. एकवीस दिवस, एकवीस बरोबरच्या खुणा, सगळ्या कापडावर आखायच्या निळ्या खडूच्या. खाली गादीवर साहेब आडवे. मान उचलत नव्हते, डोळेही अर्धेच उघडे. पाणी कुठं मुरतंय ते बाईंच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी उलटतपासणी सुरू केली. काय खाल्लं? दोन उकडलेली अंडी, बशी चाटूनपुसून साफ. चालले का? नाक्यापर्यंत, दोनदा.

मागे कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या काकूंना आता राहवेना.

"डॉक्टरबाई, अंडी हे खातात," त्या म्हणाल्या. "बशी रिकामी दिसावी म्हणून. आणि नाक्यापर्यंत उचलून नेतात. ह्यांची कंबर धरलीये, पोट सुटलंय, आणि साहेब आहेत तिथंच आहेत."

टेबलाच्या पलीकडे वाटाणे सोलणारा बाईंचा नवरा खुदकन हसला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पातेलं घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेला. मग त्यांनी काकूंना विचारलं, हे सगळं ठाऊक होतं तर इतके दिवस तोंड का उघडलं नाही?

काकूंनी हातातला सदरा तीनदा उलगडला आणि तीनदा त्याची घडी घातली.

"गुरुवारी ह्यांनी फुली मारली होती," त्या म्हणाल्या. "मीच ती पुसून बरोबरची खूण केली."

काकांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. त्यांना हे माहीतच नव्हतं.

बाईंचा राग तोंडापर्यंत आला होता, तो तिथंच विरला. कॅलेंडरवरच्या आपल्या विश्वासाची त्यांना लाजही वाटली. नवराबायको एकमेकांपासून चोरून एकच चोरी करत होते, आणि तिकडे तो बिचारा जीव पोटातली कळ सोसत होता. त्यांनी काकांना साहेबांच्या छातीवर हात ठेवायला सांगितला आणि मिनिटभर श्वास मोजायला लावले. काकांनी जन्मभर लोकांच्या छात्यांची मापं घेतली होती. माणूस वाटेल ते खोटं बोलला असता, पण मापात खोटं सांगणं त्याच्या हाताला माहीत नव्हतं.

"अठ्ठावन्न," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "किती असायला हवेत?"

"पडून असताना तीसच्या आत."

काकांचा हात तिथंच राहिला. शेवटच्या इंजेक्शनला मी हो म्हटलं तर मीच त्याला मारल्यासारखं होईल का, असं त्यांनी विचारलं. साहेबांना अरे-तुरे करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"नाही," बाई म्हणाल्या. "मारतोय तो आजार. तुम्ही फक्त त्याचं दुखणं लांबवायचं नाही."

काकू सदरा टाकून त्यांच्या शेजारी खाली बसल्या. बाईंनी आवाज मऊ केला आणि समजावलं, की तुमचे डॉक्टर घरी येतील, आधी झोपेचं इंजेक्शन देतील, साहेबांना काही कळणार नाही. मी शेवटपर्यंत फोनवर आहे. उद्या सकाळी अकराला बोलवू या का?

"उद्या नको," काका म्हणाले. "उद्यापर्यंत मी पुन्हा काहीतरी खोटं करीन. आत्ताच बोलवा."